शांतम्मा पाच जागी गप्प

१

‘चित्रात एक नदी आहे. काठावर एक बाई बसलीय. तिचं तोंड आपल्याकडं नाही. पण ती कुणाची तरी वाट बघतेय, एवढं कळतं.’

हा आवाज अक्षरानं पहिल्यांदा ऐकला तो लातूरच्या अंध मुलींच्या वसतिगृहात, सतरंजीवर बसून, टेपरेकॉर्डरला कान लावून. तिनं नदी पाहिली नव्हती, चित्र तर नव्हतंच. पण आवाज म्हणाला नदी, आणि नदी झाली. आवाज म्हणाला काठ, आणि तिच्या पावलांखाली ओली वाळू आली.

त्या आवाजाचं नाव शांतम्मा. शाळेची पुस्तकं ती मुलांसाठी वाचून ठेवायची. वसतिगृहात एकदाच आली होती. अक्षरानं तिचा हात चाचपून पाहिला होता. काचेच्या बांगड्या, आणि त्यांच्यामागं एक चांदीचं कडं. हात हलला की आधी काच किणकिणायची, मग कडं टक् करून तिला गप्प करायचं. तेवढी ओळख अक्षरानं तळहातात जपून ठेवली.

शांतम्मा जाऊन वर्ष होत आलं. आवाज मात्र गेला नाही. भोकरच्या पोरांना तोच भूगोल शिकवत होता, बिलोलीच्या पोरींना तोच कविता म्हणून दाखवत होता. अक्षरा आता नांदेडच्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयात कामाला होती. कुणाचं पुस्तक अडलं, कार्ड वाजेना, धडा सापडेना, की फोन तिच्याकडं यायचा. मुलं तिला ‘दुरुस्तीवाली ताई’ म्हणत.

लोह्याहून लुंबिनीचा फोन आला तेव्हा अक्षरा डबा उघडत होती. लुंबिनी दहावीला. पुस्तक पाठ असलं तरी तिला ते शांतम्माच्या तोंडून ऐकायचं असायचं.

"ताई, अम्मा मधीच गप होऊन राहिल्यात," लुंबिनी म्हणाली.

कार्ड खराब असेल, अक्षरानं सांगून पाहिलं. पोरगी ऐकेना. विज्ञानाच्या धड्यात ‘सांगा पाहू’ आहे, तिथं अम्मा ‘सांगा’ म्हणतच नाहीत, नुसतं ‘पाहू’ म्हणतात. आणि गेल्या महिन्यात म्हणत होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं.

अक्षरानं डबा बाजूला ठेवला आणि ते पान लावलं. शांतम्मा वाचत होती. मग एक खड्डा आला, एका शब्दाएवढा. मग शांतम्मा म्हणाली, "पाहू."

अक्षरानं पुस्तक तपासणीच्या सॉफ्टवेअरला दिलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज तिच्या कानात सपाटपणे म्हणाला, पुस्तकात एकही चूक नाही.

२

बोलतं पुस्तक म्हणजे नुसता आवाज नसतो. आवाजाच्या फायली वेगळ्या आणि त्यांना बांधून ठेवणारी एक्सएमएलची फाईल वेगळी. त्या फायलीत आवाज नसतोच, आवाजाचे पत्ते असतात. हे वाक्य अमुक फायलीत इथून इथपर्यंत राहतं, त्याच्या पुढचं वाक्य तिथून तिथपर्यंत. प्रत्येक गोष्ट खूण घालून उघडायची आणि त्याच खुणेनं बंद करायची. उघडं काही ठेवायचं नाही. लातूरचं सॉफ्टवेअर एक, नांदेडचं दुसरं, दोघांची बोली वेगळी. पण एक्सएमएल दोघांनाही कळतं, म्हणून तिकडं केलेलं पुस्तक इकडं वाजतं. महिन्याला लातूरची ताजी प्रत यायची आणि नांदेडच्या जुन्या प्रतीवर बसायची. म्हणजे मागचं शोधायला गेलं तर मागं काही उरलेलंच नसायचं. जुन्या कॅसेटी बुरशी धरून कधीच गेल्या होत्या.

तपासणीचं सॉफ्टवेअर खुणा बघतं, पत्ते बघतं. पत्त्यावर कुणी राहतंय का, हे ते बघत नाही.

ग्रंथालयाचे प्रमुख हणमंतराव. माणूस वाईट नव्हे, पण परीक्षा तोंडावर आलेल्या. त्यांनी अक्षराचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की असल्या आवाजाचा भरवसा काय धरायचा. आज एक शब्द गेला, उद्या उत्तराचा शब्द जाईल. शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर शांतम्माची सगळी पुस्तकं काढून टाकायची आणि त्या जागी यंत्राच्या आवाजातली चढवायची. ती तयारच होती. हणमंतरावांना ती यंत्राची पुस्तकं बरेच दिवस आवडत होती.

"पुसायची?" अक्षरानं विचारलं.

"ठिवायची कुठं, अक्षरा? आन् कशाला?"

अक्षरा जागेवर आली. तिच्या आईचा चेहरा तिला माहीत नव्हता, तो कुणालाच वर्णन करता आला नव्हता. नदीचा मात्र माहीत होता. तो शनिवारी पुसला जाणार होता.

तिनं मुलांनाच फोन लावले. भोकर, लोहा, बिलोली, देगलूर, ज्याला जे पुस्तक पाठ त्यानं ते कान देऊन ऐकायचं. पोरं कामाला लागली. दोन दिवस फोन वाजत राहिला आणि एकेक खड्डा जमा होत गेला. इतिहासात एक, भूगोलात एक, मराठीच्या दोन पुस्तकांत दोन आणि लुंबिनीचा विज्ञानातला. सगळे मिळून पाच. पुस्तकातला मजकूर शाबूत होता, त्यामुळं कोणता शब्द गेला ते लगेच कळत होतं. झालं. मला. आज. सांगा. कसं.

अक्षरानं ते शब्द बोटांवर घेतले. या बोटावरून त्या बोटावर फिरवले. आणि एका क्षणी ते आपापल्या जागी जाऊन बसले.

आज कसं झालं, मला सांगा.

गेलेली बाई विचारत होती.

कार्यालयात पंखा फिरत होता, बाहेर वजिराबादच्या रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते. अक्षरानं हेडफोन घट्ट केले आणि पहिला खड्डा पुन्हा लावला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवून. खड्डा रिकामा नव्हता. आत एक खोली होती. खोलीत एक जुना पंखा कुईं करत होता. आणि त्या शांततेत, अगदी जवळ, काच किणकिणली. मग टक्.

३

लातूरला जाणाऱ्या बसमध्ये अक्षरा खिडकीला डोकं टेकून बसली होती. अहमदपूर मागं पडलं. वसतिगृहातली स्वयंपाकीण कस्तुराबाई तिला आठवत होती. सणावाराला ती डाळ भरडायला बसे आणि पोरी तिच्या मांडीला टेकून ऐकत. एक ओवी ती नेहमी शेवटी म्हणायची, जातं थांबवून, हात खुंट्यावर तसाच ठेवून:

दळण सरलं बाई, जातं पडलं गार,
पोटामंदी त्याच्या माझ्या ओवीची घरघर.

तेव्हा अक्षरानं खरोखरच जात्याला कान लावला होता. दगड गप्प होता. पण तो नुसता गप्प नव्हता, काहीतरी ऐकलेल्या माणसासारखा गप्प होता. त्या खड्ड्यातली शांतता तशी होती.

लातूरचं ध्वनिमुद्रण केंद्र औसा रोडला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तीन माणसांचं. वीरेश संगणक बघायचा, तनुजा पुस्तकं वाचायची, आणि उमाशंकरअण्णा मुद्रण करायचे. अण्णा म्हणजे शांतम्माचे यजमान. ती काचेच्या आतल्या खोलीत माईकपुढं, हे काचेच्या बाहेर यंत्रापुढं. सगळा संसार असा समोरासमोर झाला. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी अण्णा रोज यायचे. त्यांना कुणी नको म्हटलं नाही.

वीरेशनं तिला खुर्ची दिली आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला. संशय आपल्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं. कारण त्यानं एक आगाऊपणा केला होता. मागं एकदा गंमत म्हणून त्यानं शांतम्माच्या वेगवेगळ्या पुस्तकांतली वाक्यं जोडून एक फाईल केली होती. त्यात शांतम्मा सांगत होती की वीरेश नावाचा राजा फार हुशार होता आणि प्रजा त्याला रोज आंबे द्यायची. अम्मा तेव्हा हयात होत्या, पोट धरून हसल्या होत्या.

"त्यासाठी काय कापलंस?" अक्षरानं विचारलं.

"कापायचं कशाला, ताई? पत्ते उचलले. ह्या पुस्तकातलं हे वाक्य, त्या पुस्तकातलं ते. आवाजाच्या फायलीला बोटसुदिक लावलं न्हाई. वीरेश नावाचा राजा व्हता पुस्तकातच, म्हणून जमलं."

फायलींना हात कुणाकुणाचा लागतो, असं तिनं विचारलं. तिघांचाही, वीरेश म्हणाला. संगणक एकच, कुलूप कशालाच नाही.

तनुजाशी बोलणं अवघड गेलं. ती हुशार पोरगी होती आणि दुखावलेली होती. मुलं तिच्या पुस्तकांना ‘नव्या बाईची’ म्हणत आणि परत करत. तिनं लपवलं नाही. शांतम्माची पुस्तकं गेली तर आपल्याला वाईट वाटणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं. मी काहीही वाचलं तरी माझ्या आधी ती वाचून गेलेली असते, ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली की इथं जिवंत माणसाचंही कोण ऐकतंय. धडा संपला की मी काचेतून अण्णांकडं बघते. कसं झालं, विचारते. अण्णा बोलत नाहीत. हिरवा दिवा लावतात.

"म्हणजे?"

"लाल दिवा म्हणजे गप. हिरवा म्हणजे झालं, पुढं चला. माझ्याशीच असं न्हाई, अम्माशी पण तसंच होतं म्हणे. वीरेशला विचारा."

वीरेशनं दुजोरा दिला. यंत्रापुढं बसलेल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं, अशी अण्णांची शिस्त. खोकलाही ते बाहेर जाऊन खोकत.

तेवढ्यात जिन्यात सावकाश पावलं वाजली. वीरेश हळूच म्हणाला, "अण्णा आले. त्यांना नका लई खोलात विचारू. अम्मा गेल्यापासून घरी जेवण बी धड करत न्हाईत."

४

उमाशंकरअण्णांचा आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या दारासारखा. अक्षरा कोण हे कळल्यावर ते म्हणाले की नांदेडहून एवढ्या लांब यायची गरज नव्हती. पाच शब्द तर गेलेत. तनुजा वाचून देईल.

ते बायकोचं नाव घेत नव्हते. ‘आमच्या घरात’ म्हणत. आमच्या घरात आधी धडा मनात वाचायच्या, मग मोठ्यानं. आमच्या घरात पाणी कोमट लागायचं, गारानं आवाज बसतो.

अक्षरानं त्यांना चित्रातल्या नदीबद्दल सांगितलं. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, पुस्तकात फक्त ‘नदीचे चित्र पाहा’ एवढंच छापलेलं होतं. ती वाट बघणारी बाई आमच्या घरातल्यांनीच घातली. मी म्हणालो होतो काढून टाकू, पुस्तकाबाहेरचं आहे. तर म्हणाल्या, पोरींना दिसत न्हाई, त्यांच्यासाठी राहू द्या.

"आणि पुस्तकाबाहेरचं बाकी काही?"

"काढून टाकत होतो. कामच व्हतं ते. मधेच पाणी मागणं, हसणं, पान चुकलं म्हणून जीभ चावणं. पुस्तकात तसलं चालत न्हाई. फीत महाग व्हती. पुसून त्याच्यावरच पुढचं घ्यायचं."

त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत अक्षरानं काचेच्या आतली खोली बघायची परवानगी मागितली. तिनं काठी दाराशी ठेवली आणि खुर्चीवर, शांतम्माच्या जागेवर, बसून घेतलं. भिंतींना गोणपाट होतं. आवाज इथं आला की अंगाला अंग लावून उभा राहत असावा. वर पंखा नव्हता, यंत्राची गार हवा येत होती. तिनं वीरेशला हाक मारून विचारलं, इथला जुना पंखा कधी काढला?

लई वर्षं झाली, तो म्हणाला. तो नोकरीला लागायच्या आधी.

अक्षराचे हात मांडीवरच थांबले. खड्ड्यात तो पंखा कुरकुरत होता.

ती बाहेर आली. चहाचे कप वाजत होते. तिघंही तिथंच होती, आणि कोण कुठं बसलंय हे तिला श्वासांवरून कळत होतं.

"हणमंतरावांना फोन लाव, वीरेश," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेव. मला कळलंय."

५

तिनं सावकाश सांगितलं, शब्द अंधारात हातांनी लावावेत तसे.

पहिली गोष्ट, हे यंत्राच्या बिघाडानं झालेलं नाही. बिघाड अर्धा शब्द खातो, दीड खातो. इथं प्रत्येक वेळी एक अख्खा शब्द गेलाय, त्याच्या आधीच्या श्वासासकट. एक्सएमएलमध्ये शब्दांचे पत्तेच नसतात, अख्ख्या वाक्यांचे असतात. म्हणजे पत्त्यावरून कुणी हे काढलेलं नाही. कानानं काढलंय.

दुसरी गोष्ट, हे पाच शब्द मिळून एक वाक्य होतं. तिनं ते म्हणून दाखवलं. फोनवर हणमंतरावांनी घसा खाकरला. तनुजाची खुर्ची कुरकुरली.

"आता हे वाक्य वीरेशला हवं असतं," अक्षरा म्हणाली, "तर त्यानं काय केलं असतं? फाईल न कापता पाच पत्ते लिहिले असते. आंब्यांच्या राजासारखं. शब्द जागच्या जागी राहिले असते आणि कुणाला कळलंही नसतं. शब्द उचलायचा म्हणजे तो कापूनच घ्यावा लागतो, असं वीरेशला स्वप्नातही सुचणार नाही."

वीरेशनं धरून ठेवलेला श्वास सोडला.

"तनुजाला अम्मांची पुस्तकं नको होती. पण ज्याला पुस्तक नको असतं तो पाच शब्द जपून काढत नाही. तो अख्खं पुस्तक काढतो. हणमंतराव काढणार होते तसं."

फोनमधून हणमंतरावांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"तिसरी गोष्ट महत्त्वाची. शब्द काढल्यावर जागा तशीच सोडली असती तर पुढचे सगळे पत्ते चुकले असते. किंवा कोरी शांतता भरली असती तर मला धाडकन विहिरीत पडल्यासारखं झालं असतं. पण कुणीतरी तिथं बरोबर तेवढ्याच लांबीची शांतता जोडलीय, आणि तीही याच खोलीतली, जुन्या पंख्याची. ती खोली आता नाही. ती शांतता कुणीतरी तेव्हाच मुद्रित करून ठेवलेली असणार. ठिगळ लावायला, जुने लोक ठेवायचे तशी. आणि त्या शांततेत कुणीतरी खुर्चीवर बसलंय. बांगड्या वाजतात, मागून कडं टक् करतं."

तिनं अण्णांच्या खुर्चीकडं तोंड वळवलं.

"अण्णा," ती म्हणाली, "खोलीची शांतता घेताना अम्मांना तुम्ही आत बसवून ठेवत होतात ना?"

अण्णांनी कारण सांगितलं. माणूस आत असलं की खोलीचा आवाज बदलतो, म्हणाले. रिकाम्या खोलीचं ठिगळ माणसाच्या वाचण्याला जुळत नाही. म्हणून रोज सुरुवातीला लाल दिवा लावून आमच्या घरात थोडा वेळ नुसत्या गप्प बसायच्या. माझ्याकडं बघत. वर्षानुवर्षांच्या त्या शांतता त्यांनी नव्या संगणकात आणताना बरोबर आणल्या होत्या. वाचनाइतक्याच सांभाळून.

"आणि शब्द कापले का? कॉपी करून घेता आले असते."

"कॉपीत आवाज पातळ होतो, पोरी. एक कॉपी काढली की माणूस हातभर लांब जातंय. त्याची कॉपी काढली की अजून हातभर." त्यांनी कप बशीवर ठेवला. "मला लांबची नको व्हती."

वीरेशच्या तोंडून काहीतरी निघू पाहत होतं. संगणकात तसं होत नाही, हजार कॉपी काढा, हजारावी पहिलीसारखीच, हे त्याला सांगायचं होतं. अक्षरानं त्याच्या दंडाला हात लावला आणि त्यानं ते गिळलं.

बाकीचं अण्णांनी तुटक तुटक सांगितलं. ती गेली आणि घर गप्प झालं. मग त्यांना वाटलं, आवाजाला काय तोटा, संगणक भरून आवाज आहे. ते ऐकायला बसले. त्यात धबधबे होते, राजे होते, अपूर्णांक होते. त्यांच्यासाठी बोललेलं एकही वाक्य नव्हतं. असायला हवं होतं, रोज एक तरी होतं. धडा संपला की ती काचेतून विचारायची, आज कसं झालं, मला सांगा. दिवा लावायचे हे. आणि संध्याकाळी फीत साफ करताना तिचं ते विचारणं पुस्तकाबाहेरचं म्हणून पुसून टाकायचे. रोज. स्वतःच्या हातानं.

"इतक्या वर्षांत एक बी राहिलं न्हाई," अण्णा म्हणाले. "लई नीट काम करत होतो मी."

मग त्यांनी एकेक शब्द शोधायला घेतला. तिच्या त्या सुरातला ‘आज’ मिळायला पावसाळा गेला. ‘कसं’ एका गोष्टीत सापडलं, ससा कासवाला विचारतो तिथं. ‘सांगा’ सगळ्यात शेवटी.

"ते तुकडे कुठंत, अण्णा?" अक्षरानं हळू विचारलं. सगळं त्यावरच अडलं होतं. तुकडे टाकून दिले असतील तर पुस्तकं फाटलेलीच राहणार होती.

"टाकतंय का कुणी," अण्णा म्हणाले. खिशात हात गेला, किल्ल्यांचा जुडगा वाजला, त्यात अडकवलेला एक पेनड्राईव्ह त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. तो त्यांच्या अंगाइतका गरम होता. "ह्याच्यात हायत. जोडून बी ठिवलंय. पण ऐकलं न्हाई अजून."

"का?"

अण्णांनी उरलेल्या किल्ल्या परत खिशात टाकल्या.

६

वीरेशला काम तासाभराचंही नव्हतं. पाचही शब्द आपापल्या श्वासासकट आपापल्या पुस्तकात परत गेले. अक्षरानं एकेक ऐकून घेतला. ससा कासवाला विचारू लागला. ‘सांगा पाहू’ पुरं झालं. हणमंतरावांनी फोनवरूनच सांगितलं की शनिवारचं राहू द्या, यंत्राच्या आवाजाची घाई नाही. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, त्या शांतता आहेत म्हणता त्या नीट ठेवल्यात का. अक्षरा हो म्हणाली.

लुंबिनीला तिनं फोन केला. पोरीनं पान लावून ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "हाव. आल्या."

उन्हं उतरायला लागली होती. खाली दवाखान्यात नंबर पुकारत होते. नांदेडची बस गाठायची तर निघायला हवं होतं, पण अक्षरा उठली नाही. तिनं वीरेशला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि टाइप करू लागला. एक खूण उघडली, आत पाच पत्ते लिहिले. इतिहासाच्या पुस्तकातला इथून इथपर्यंत, गोष्टीतला इथून इथपर्यंत. शेवटी ती खूण बंद केली. कुठल्या फायलीला हात लागला नाही, कुठल्याही पानावरून काही कमी झालं नाही.

"अण्णा," अक्षरा म्हणाली, "तुमच्या जागेवर बसता का?"

ते बसले असावेत. यंत्रापुढची जुनी खुर्ची दबली. तनुजा न सांगता उठली, तिनं काचेच्या आतल्या खोलीचं दार उघडून आतली खुर्ची माईकपुढं सरळ केली आणि बाहेर येऊन दार लावलं. लाल दिव्याचा खटका वाजला. सगळे गप्प झाले.

आधी पंखा कुरकुरला, जो आता नव्हता. वीरेशनं वाक्याच्या आधी थोडी शांतता लावली होती, अण्णांनी जपलेल्यातली. त्यात कुणीतरी बसल्या जागी हललं. काच किणकिणली. टक्.

मग काचेच्या आतूनच बोलावी तशी शांतम्मा म्हणाली, "आज कसं झालं, मला सांगा."

शब्द सारखे नव्हते. एक जवळचा होता, एक जरा लांबचा, एक तरुण होता आणि एकात वय आलेलं होतं. पण विचारणारी एकच होती.

अण्णांचा हात सवयीनं गेला. अक्षराला हिरव्या दिव्याच्या खटक्यावर त्यांचं बोट टेकल्याचं ऐकू आलं. खटका वाजला नाही. बोट तिथून उचललं गेलं, फळीवरून सरकत पुढं गेलं, काहीतरी शोधत राहिलं. शेवटी एक दुसरंच बटण दाबलं गेलं. कित्येक वर्षांत न दाबलेलं. आतल्या खोलीशी बोलायचं. ते कण्हलं आणि लागलं.

आतल्या रिकाम्या खोलीत, गोणपाटाच्या भिंतींत, त्यांचा श्वास मोठा होऊन ऐकू आला.

"छान झालं, शांते," ते म्हणाले. "रोजच छान व्हायचं."